चिंचेतला खिळा

जबाब देणार: इंद्रजित हरिबा मेटकरी, वय २६ (आधारकार्डावर २७ आहे, ते चुकीचं आहे), शिक्षण बारावी, म्हणजे बारावीला बसलो होतो, धंदा झाडांची छाटणी-तोडणी व जळणविक्री, मूळ गाव आटपाडी तालुक्यात, सध्या राहणार पलूसच्या बाहेर भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून माझ्या हातानं लिहून देतो की, हा जबाब मी रविवारीच द्यायला पाहिजे होता. निरोप रविवारी दुपारी मिळाला होता. आज मंगळवार आहे. मधे मी कुठं होतो ते पुढं लिहितो. मी पळालो नव्हतो. आजसुद्धा सकाळी ठाण्यासमोर गाडी लावली आणि समोरच्या टपरीवर जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिलो. आत आल्यावर ठाणे अंमलदार मॅडमनी आधी तोंडी विचारलं. मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "तू आटपाडीतनं निघतोस ते थेट महाबळेश्वरला पोचतोस. मधलं गाव येतच नाही. हा कागद घे, त्या बाकावर बस आणि लिही. बघितलंस ते लिही, वाटलं ते लिहू नको." म्हणून लिहितोय.

माझा धंदा मी आणि सिद्धू मिळून करतो. सिद्धू माझ्याच गावचा. तो झाडावर चढतो, मी खाली कटर मशीन चालवतो. आमच्याकडे एक छोटा हत्ती टेम्पो आहे, त्यावर 'जय बिरोबा वृक्षसेवा, जळण घरपोच' असं लिहिलंय आणि माझा मोबाईल नंबर. या धंद्याआधी मी महाबळेश्वरला टॅक्स्या धुवायचो, त्याआधी स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवर, त्याआधी गोव्याला गेलो होतो पण ते इथं लागू नाही. झाडांचं मला वडिलांकडून आलं. आमची मेंढरं होती. मेंढरांना पाला पाडायचा तर झाडाला आधी सांगायचं, मग फांदीला हात लावायचा, असं वडिलांनी शिकवलं. अजून मी तसंच करतो. तोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "उद्या तोडणार हाय. ज्यांचं बिऱ्हाड हाय त्यांनी हलवा." पाखरं, खारी, आणखी कोण असेल ते. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

बोरजाईवाडीचे हंबीरराव निकम यांचं काम मी गेल्या गुरुवारी घेतलं. त्यांच्या मळ्याच्या वळणावर चिंच होती. जुनी, एकाच्या कवेत न येणारी. ऊस भरलेल्या ट्रॉल्या वळत नव्हत्या म्हणून ती काढायची होती. परवानगीचा कागद त्यांनी दाखवला. तो मी वाचला नाही, शिक्का बघितला.

गुरुवारी संध्याकाळी मी कुऱ्हाड टेकवून वरचं वाक्य म्हणत असताना एक मुलगी पाराच्या दगडावर बसलेली होती. शाळेचा फ्रॉक, वरून मोठ्या माणसाचा स्वेटर. तीच सोनिया, हंबीररावांची नात, वय अंदाजे अकरा. तिचा बाप मिलिटरीत आहे, वर कुठंतरी बर्फात. ती मला म्हणाली,

"माझ्या आईला बी सांगा की."

मी विचारलं, "कुठं हाय तुझी आई?"

तिनं झाडाकडं बोट केलं. बुंध्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर हळदीचा पिवळा डाग होता. जवळ जाऊन बघितलं तर खिळा. बैलगाडीला असतो तसा मोठा, लोखंडी. डोकं निम्मं सालीनं गिळलेलं. खाली प्लास्टिकची पुडी दाबून बसलेली. "आज्जी दर अवसेला हळद लावती," मुलगी म्हणाली. "मी डबा खाती हितं बसून. आई ऐकती सगळं. बोलत न्हाई."

सिद्धू तेवढ्यात खाली उतरला, खिळा बघितला आणि दोर गुंडाळायला लांब जाऊन उभा राहिला.

त्या रात्री जेवताना गावातल्या एकाकडून आम्हाला माहिती मिळाली ती अशी. हंबीररावांची सून दीपमाला नऊ वर्षांपूर्वी गेली. नदीच्या घाटावर तिच्या चपला सापडल्या. प्रेत सापडलं नाही. हंबीररावांनी पिठाची बाहुली करून तिला अग्नी दिला, दहावं-तेरावं रीतसर केलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्यानंतर सासूला, म्हणजे मनुबाईंना, सून चिंचेखाली दिसायला लागली. मग मनुबाईंनी तिचा फोटो पुडीत घालून खिळ्यानं झाडाला ठोकला. असा खिळा गावोगावी दिसतो, त्यात नवीन काही नाही. भूत बांधून ठेवतात. आमच्या धंद्यात खिळ्याचा नियम असा की तो काढायचा नाही. त्याच्या वर एक काप, खाली एक काप घ्यायचा आणि मधला तुकडा खिळ्यासकट नदीत सोडायचा.

शुक्रवारी आम्ही तोडणी केली. मनुबाई सकाळपासून बांधावर बसल्या होत्या. नियमाप्रमाणे वर-खाली काप घेऊन मधला तुकडा बाजूला काढला. तो तुकडा पाहून मी चूक केली. चिंचेचा असला गोल, भरीव ओंडका सांगलीत खाटीक लोक मटण तोडायला घेतात. चिंच चिरत नाही, सुरीला धार ठेवते. पण आत लोखंड असेल तर कोण घेणार, सत्तूर तुटेल. आणि तो तुकडा सगळ्या झाडात चांगला होता.

सिद्धू म्हणाला, "इंद्या, हात लावू नगंस गड्या."

मी म्हणालो, "तू वर चढताना जितका शूर असतोस तितका खाली बी ऱ्हा की."

खिळा पहारीनं उचकटला. खिळा निघताना आवाज आला तो नेहमीचाच, ओल्या लाकडातून निघताना येतो तसा. मनुबाई उठून आल्या. मला वाटलं शिव्या देतील. (वाटलं ते लिहू नको म्हणाल्यात, माफ करा.) त्या म्हणाल्या, "पोरा, त्यो तिला डांबायला न्हवता ठोकला. पोरीला सोडून लांब जाऊ नये म्हणून ठोकला हुता." आणि पदरानं हळदीचा डाग पुसायला लागल्या, जसं काही तो आता तिथं बरा दिसत नाही.

पुडीत पासपोर्ट साईज फोटो होता आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. फोटो निम्मा उडालेला, पण चेहरा राहिला होता. डाव्या भुवईत खोक. मी त्याचा मोबाईलवर फोटो घेतला. हंबीरराव लांबून ओरडले, "जाळ ते!" मी पुडी खिशात घातली, जाळली नाही. दुपारी मी त्या फोटोचं, खिळ्याचं आणि पडलेल्या झाडाचं रील करून टाकलं. वर लिहिलं, 'नऊ वर्षं झाडात अडकलेली बाई'. मी धंद्याची रीलं टाकतो, माणसं नंबर बघून फोन करतात, म्हणून सवय आहे. हे रील खूप लोकांनी बघितलं. आता काढून टाकलं आहे.

शुक्रवारी दिवेलागणीला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणालो. पलीकडून आवाज येत होता थप, थप, थप, थांबून परत थप थप. ओली माती थापल्यासारखा. मग बाईचा आवाज, "चिंच तोडली व्हय?" मी कोण म्हणून विचारलं. फोन कट झाला. हे मी सिद्धूला सांगितलं. त्यानं त्या रात्री शेडमध्ये दिवा चालू ठेवला.

शनिवारी जळण भरायला परत मळ्यावर गेलो. सोनिया होती. बुंध्याच्या राहिलेल्या खोडावर बसून मला म्हणाली, "आता आई कुठं ऱ्हाईल?"

मी दोर आवळत होतो. म्हणालो, "फांद्या कराडला बेकरीत चालल्यात, स्टँडाच्या मागं. तुझी आई आता पाव खाईल, बटर खाईल. मजा हाय तिची."

ती हसली नाही. मी हसवायला म्हणून बोललो होतो. ओंडका सांगलीला कुणाकडे चाललाय ते मी तिला सांगितलं नाही.

माझा मोबाईल गाडीच्या बॉनेटवर होता. तो वाजला. मी टपावर होतो, म्हणून म्हणालो, "उचल गं, सांग गाडी भरतोय." तिनं उचलला आणि कानाला लावून गाडीच्या पलीकडं गेली. बराच वेळ आली नाही. मी खाली उतरून विचारलं, "कुणाशी बोलतीयास एवढं?"

"आईशी."

"काय म्हणती?"

"भाकरी करतीया."

मी हसलो. सिद्धू हसला नाही. मोबाईल हातात घेतला तेव्हा फोन कट झालेला होता. नंबर शुक्रवारचाच होता. मुलीच्या तळहातावर काहीतरी पेनानं लिहिलेलं होतं, तिनं मूठ मिटली. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं. गाडी भरायची होती.

रविवारी सकाळी सोनिया दळण घेऊन गिरणीत गेली ती परत आली नाही. पिठाचा डबा गिरणीत तसाच राहिला. दुपारपर्यंत गावातली माणसं नदीत उतरली होती, ज्या घाटावर आईच्या चपला सापडल्या त्याच घाटावर. मला फोन आला म्हणून मी आणि सिद्धू तिथं गेलो. बायका मला बघून बाजूला झाल्या. एक म्हणाली, "ह्योच त्यो. ह्यानंच सोडली तिला. आली, पोरगी घिऊन गेली." मनुबाई घाटावर नव्हत्या, तोडलेल्या खोडावर जाऊन बसल्या होत्या. गिरणीतून आणलेला डबा मांडीवर होता.

हंबीररावांनी माझी गचांडी धरली. मी घाबरून सगळं सांगून टाकलं. खिळा, रील, फोन, थप थप, मुलगी कुणाशी बोलली ते. माझी अपेक्षा होती की म्हणतील, मेलेली माणसं फोन करतात व्हय रं, भडव्या. (शब्द माझा आहे.) ते म्हणाले,

"कुठनं हुता फोन?"

मी म्हणालो, "आवं, मला काय म्हाईत."

"कुठनं हुता, सांग! कराडातनं?"

मी कराडचं नाव काढलं नव्हतं. जळण कराडला जातं हे त्यांना माहीत असेल, तर त्यामुळं म्हणाले असतील. मी जे ऐकलं ते लिहिलं. त्यानंतर त्यांनी मला सोडलं आणि ते ठाण्याकडं तक्रार द्यायला आले. तक्रार माझ्यावर आणि सिद्धूवर आहे, मुलगी पळवल्याची. ती खोटी आहे.

ठाण्यात या असा निरोप मला त्याच दुपारी मिळाला. मी आलो नाही. मी कराडला गेलो. बेकरीवाल्याकडं चिंचेच्या फांद्या भिंतीला रचलेल्या होत्या, ओल्या, वाळायला दोन-अडीच महिने जातील. त्याला विचारलं, एक मुलगी आली होती का. तो म्हणाला, "आलती की. मोठा स्वेटर. म्हणली चिंच कुठली ती दाखवा. दाखवली. तिथंच टेकून बसली, मी पाव दिला तर अर्धा खाल्ला, अर्धा लाकडाच्या फटीत घातला. मग म्हणली फोन लावून द्या. हातावर नंबर हुता. मी लावून दिला." मग काय झालं विचारलं. "एक बाई आली. पळत आली, गड्या. कोपरापतुर पीठ. तशीच आली. दोघी बराच येळ त्या लाकडापाशी उभ्या ऱ्हायल्या. मग गेल्या."

मी त्याला पुडीतल्या फोटोतला चेहरा मोबाईलवर दाखवला. तो मोबाईल डोळ्याजवळ घेऊन बघत राहिला. मग स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवून म्हणाला, "हीच."

इथं मला लिहायला वेळ लागला, कागदावर डाग पडलाय तो घामाचा आहे. बेकरीतून बाहेर आल्यावर मी ठाण्यात फोन करायला पाहिजे होता. तो नंबर माझ्याही मोबाईलमध्ये होता, त्यावर फोन लावायला पाहिजे होता. लावला नाही. मॅडम मगाशी म्हणाल्या, "अरे, जिवंत बाई असेल हे डोक्यात आलं नाही तुझ्या?" आलं होतं. बेकरीच्या दारातच आलं. पण मेलेली बाई पोरीला न्यायला येते, हे मला समजत होतं. तसं मी लहानपणापासून ऐकलंय. जिवंत बाई नऊ वर्षं का आली नाही, आणि जिवंत बाईला अग्नी कुणी आणि का दिला, हे मी कुणाला विचारणार होतो? त्यापेक्षा भूत बरं वाटलं. हे वाटलेलंच आहे, पण खोडत नाही.

सोमवारी मी सांगलीला गेलो. खिळ्याचा ओंडका शनिवारी एका मटण दुकानाला दिला होता. डोकं चालत नव्हतं, एवढंच होतं की तो परत पाहिजे. दुकानात तो मांडून झाला होता. वर बकऱ्याची मांडी होती. खिळ्याचं भोक कडेला होतं, त्यात रक्त गेलं होतं. दुकानदार म्हणाला, "लय झकास लाकूड दिलंस गड्या, एक सल निघंना." मी त्याला म्हणालो ओंडका परत दे. तो म्हणाला खुळा झालास का. त्याच्याशी बोलण्यात दुपार गेली. शेवटी त्यानं दिला, माझ्याकडं बघून दिला. मी ओंडका कृष्णेवर नेऊन धुतला. राखेनं घासला. मग नदीकाठीच, ज्या भोकातून काढला त्याच भोकात, फोटो पुडीत घालून, बांगडीचा तुकडा घालून, तोच खिळा परत ठोकला. माझ्या मनात एवढंच होतं की मुलगी लांब जाऊ नये. सिद्धू ओंडका धरून बसला होता. त्यानं मला अडवलं नाही. ठोकून झाल्यावर म्हणाला, "हळद लावायची ऱ्हायली." हळदीच्या सांगलीत हळद मिळायला काय लागतंय. लावली.

तो ओंडका सध्या ठाण्याच्या आवारात माझ्या गाडीत आहे. मुद्देमाल म्हणून जमा करून घ्यावा. सिद्धू त्याच्याजवळ बसला आहे, आत यायला तयार नाही. त्याचा यात काही दोष नाही, तो नको म्हणाला होता. मी मुलगी पळवली नाही. मुलगी कुठं आहे ते मला माहीत नाही. ती शेवटी कराडच्या बेकरीत एका बाईबरोबर दिसली, एवढं मला माहीत आहे, आणि ती बाई फोटोतली आहे असं बेकरीवाला सांगतो. नंबर मॅडमना दिला आहे. त्यांनी मगाशी दोनदा लावला, बंद लागतोय. हे ऐकून समोरच्या बाकावर बसलेल्या हंबीररावांनी पाठ भिंतीला टेकली. त्यांच्या शेजारी मनुबाई बसल्या आहेत. गिरणीतला डबा अजून त्यांच्या मांडीवर आहे.

वरचा मजकूर माझ्या अक्षरात आहे. कुणी सांगून, मारून किंवा लालूच दाखवून लिहून घेतलेला नाही. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, मी ऐकला, माझ्या म्हणण्याप्रमाणे...

सही करायच्या आधी हे जोडतो. मॅडम म्हणाल्या जोड. आत्ता बाहेरून सिद्धूची हाक आली, "इंद्या, भाईर ये रं. भाईर ये." सिद्धू कधी असा ओरडत नाही, झाडावरून घसरला तरी. मी बाकावरूनच दारातून बघितलं. माझ्या गाडीपाशी एक बाई उभी होती. हात ओंडक्यावर होता, खिळ्यावर. कोपरापर्यंत पीठ वाळलेलं. मग ती पायऱ्या चढून दारात आली.

मनुबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही, आधी खाली तिच्या पायांकडं बघितलं. मीही बघितलं. पाय सरळ होते. निळ्या प्लास्टिकच्या चपला. त्यांच्या मागं अजून दोन पाय होते, शाळेच्या बुटातले. मनुबाईंनी डबा खाली ठेवला.

मॅडमनी विचारलं, "काय पाहिजे?"

बाई म्हणाली, "माझा बी जबाब लिवून घ्या."

"नाव?"

"दीपमाला जयराज निकम."

"वय?"

"एकतीस. धंदा लिवा, मेसला भाकरी करती."

"राहणार?"

तिनं हंबीररावांकडं बघितलं. ते दाराकडं बघत होते, पण दारात तीच उभी होती.

"ते मामंजींना इचारा," ती म्हणाली. "नऊ वर्सं त्येंनाच तेवढं ठावं हाय."